बालवाडीतल्या मुलांना धावणे, उड्या, फेक-झेल मुद्दाम शिकवावे का?

बालवाडी-ताई, डिचोली

नमस्कार. डिचोली तालुक्यातील एका मराठी शाळेला जोडलेल्या बालवाडीत मी शिकवते. वर्गात साडेतीन ते साडेपाच वर्षांची विसेक मुले आहेत. त्यांच्या हालचाली लक्षपूर्वक पाहू लागल्यापासून असे दिसते, की पळायला सगळीच पळतात, पण त्यापुढचे पुष्कळ काही अनेकांना जमत नाही. चेंडू अंगावर आला की डोळे मिटून तोंड फिरवतात. फेकताना दोन्ही पाय जागेवर ठेवून नुसता हात हलवतात. एका पायावर उडी मारायला सांगितले तर पाच वर्षांची मुलेसुद्धा लगेच दुसरा पाय टेकतात, आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना काहींना अजून कोणाचा तरी हात लागतो. घरी चौकशी केली तर बहुतेकांचा दिवस फ्लॅटमध्ये जातो, नाहीतर दिवसभर ट्रक धावणाऱ्या रस्त्याकडेच्या घरात, दार लावून.

आमच्या व्यवस्थापनाकडे एका खासगी प्रशिक्षण संस्थेचा प्रस्ताव आला आहे. आठवड्यातून एकदा त्यांचा प्रशिक्षक येईल, साहित्य तेच आणतील, आणि वर्षअखेरीस प्रत्येक मुलाचा अहवाल पालकांना मिळेल, असे त्यात लिहिले आहे. पैसे अर्थातच पालकांनी भरायचे. यावर व्यवस्थापनाने माझे मत विचारले आहे. पालकांमध्ये दोन तट आहेत. एका गटाला अक्षरे गिरवण्याचा वेळ कमी होईल याची काळजी आहे, तर दुसरा गट म्हणतो की आधीच स्केटिंगचा वर्ग लावलेला आहे, त्यामुळे याची गरजच काय.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. या वयात स्थूल कारक कौशल्ये, म्हणजे धावणे, उडी, फेक अशी मोठ्या स्नायूंची कामे, मुद्दाम शिकवून खरोखर सुधारतात, की ती वयाबरोबर आपोआप येतात? शिकवायचीच असतील तर किती वेळ आणि कोणत्या पद्धतीने? आमच्याकडे एक खोली, एक लांबट व्हरांडा आणि चिऱ्यांच्या कुंपणातले छोटे अंगण आहे, आणि जून ते सप्टेंबर ते अंगण पावसाच्या ताब्यात असते. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

निवृत्त अध्यापिका, फोंडा

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नावर बालविकासाच्या अभ्यासकांमध्ये जवळजवळ शंभर वर्षे वाद चालू आहे, आणि त्यातले एक जुने उदाहरण आजही उपयोगी पडते. १९३०च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये मर्टल मॅकग्रॉ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जॉनी आणि जिमी या जुळ्या भावांचा अभ्यास केला. जॉनीला अगदी लहानपणापासून निरनिराळ्या हालचालींचा सराव दिला, जिमीला दिला नाही. बसणे, उभे राहणे, चालणे या गोष्टी दोघांनाही साधारण एकाच सुमारास आल्या. सरावाने त्यात फारसा फरक पडला नाही. पण उतरणीवर चढणे, पोहणे, चाकांच्या बुटांवर तोल सांभाळणे अशा कौशल्यांत जॉनी खूप पुढे गेला. त्यातच आणखी एक गोष्ट दिसली. वर्षाचा होण्याआधीच त्याला तीनचाकी सायकल दिली गेली, तेव्हा कित्येक महिने काहीच प्रगती झाली नाही, आणि शरीर तयार झाल्यावर मात्र ती त्याने झटपट आत्मसात केली.

म्हणजे प्रश्नाचे उत्तर कौशल्यागणिक बदलते. ज्या हालचालींवर मनुष्यप्राण्याचे जगणे अवलंबून आहे त्या निरोगी मुलाला जवळजवळ न शिकवता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या ५ देशांतील मुलांची निरीक्षणे २००६ साली प्रसिद्ध केली. त्यांत आधाराशिवाय चालण्याचा काळ सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला दिसतो. इतका फरक असूनही ती सर्व मुले निरोगीच होती. फेकणे, झेलणे, लाथेने चेंडू मारणे, लंगडी घालणे या गोष्टींचे तसे नाही. त्यांची कच्ची रूपे आपोआप येतात, पक्की रूपे येत नाहीत. चेंडू न झेलता येणारी मोठी माणसे आपल्याला सहज भेटतात, त्याचे कारण हेच आहे.

संशोधनही याच बाजूचे आहे. लोगन, रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मुलांना दिलेल्या कारक कौशल्यांच्या प्रशिक्षणावरील अभ्यास एकत्र करून तपासले. ज्यांना नियोजनपूर्वक शिकवले त्या मुलांत मध्यम प्रमाणात पण निश्चित सुधारणा आढळली, आणि ज्यांना फक्त मोकळे खेळू दिले त्यांच्यात जवळजवळ फरक पडला नाही. रॉबिन्सन आणि गुडवे यांच्या २००९च्या प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांना ९ आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे पाठ दिले होते. एकूण वेळ अवघा ९ तासांचा होतो, आणि तेवढ्यातही चेंडूच्या कौशल्यांत सुधारणा दिसली. त्यातले एक निरीक्षण शिक्षिकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. एका गटाला प्रत्येक कृती बाई ठरवून देत होत्या, दुसऱ्या गटातील मुले कोणत्या ठिकाणी खेळायचे आणि किती कठीण पातळीवर खेळायचे हे स्वतः निवडत होती. दोन्ही गट सुधारले. म्हणजे मुलाला निवड दिली म्हणून शिकणे कमी होत नाही, आणि ज्याने अनेक मुलांना एकदम सांभाळले आहे त्याला निवड दिल्यावर वर्ग किती शांत राहतो हे सांगायला नको.

वेळेबद्दल बोलायचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना ३ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटांची शारीरिक हालचाल सांगतात, आणि त्यांतली किमान ६० मिनिटे धाप लागेल अशी असावीत असे म्हणतात. पडद्यासमोर बसणे १ तासाच्या आत, झोप १० ते १३ तास. बालवाडीच्या वेळात १८० मिनिटे बसणार नाहीत, आणि त्याची अपेक्षाही नाही. रोज वीस मिनिटे शिकवण्याची आणि त्याला जोडून तेवढीच मोकळ्या खेळाची, इतके आपण निश्चित देऊ शकता. आठवड्यातून एकदा येणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा ते अधिक मोलाचे ठरेल, असे माझे मत आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पालकांना पटवण्यासाठी 'यामुळे मुलांचे गणित सुधारेल, बुद्धी तल्लख होईल' अशी आश्वासने देऊ नयेत. हालचाल आणि अभ्यास यांचा संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, परंतु ते इतके ठाम नाहीत. मूल न घाबरता चेंडू झेलू लागले, हे त्याच्यासाठी स्वतःच पुरेसे फळ आहे.

पेडण्याचे आजोबा

वरील प्रतिसाद आदराने वाचला, तरी काही गोष्टी मनाला पटत नाहीत. आमच्या लहानपणी पेडणे महालात बालवाडीच नव्हती, मग हालचालींचे प्रशिक्षण कोठून असणार? भात कापून झाले की शेते मोकळी होत, त्यांत लगोरी आणि विटीदांडू चाले. पोफळीच्या विरीवर, म्हणजे गळून पडलेल्या झावळीच्या रुंद बुडख्यावर, धाकट्याला बसवून मोठी मुले ती कुळागरातून ओढत नेत. देवळाच्या प्राकारात लपाछपी, आणि काजूच्या हंगामात झाडाच्या आडव्या फांदीवर चढणे, हे सगळे कोणी शिकवले नाही. तरीही आमच्यापैकी कोणी चेंडू पाहून डोळे मिटत नव्हता.

मला भीती वाटते ती निराळीच. एकदा 'प्रशिक्षण' म्हटले की शिट्टी आली, रांग आली, गुण आले आणि अहवालही आला. सकाळी अक्षरांची सक्ती आणि दुपारी उड्यांची सक्ती, असे झाले तर मूल खेळणार केव्हा? माझी नात चार वर्षांची आहे. तिच्या स्केटिंगच्या वर्गात ती बहुतेक वेळ आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसलेली असते, आणि घरी आल्यावर अंगणात ज्या उत्साहाने धावते तो उत्साह तिथे मुळीच दिसत नाही. मुलांना मोकळी जागा द्या, वेळ द्या, आणि मोठ्यांनी जरा बाजूला राहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

शारीरिक शिक्षक, सत्तरी

आजोबा, आपण सांगितलेल्या खेळांत शिकवणारा होता, फक्त तो पगारी नव्हता. चार वर्षांच्या मुलाला लगोरीत घेताना आठ-दहा वर्षांची मुले त्याला जवळून फेकायला देत, 'अरे, पाय पुढे टाक' असे ओरडत, आणि त्याची फेक चुकली तरी त्याला बाद करत नसत. दिवसाकाठी असे कित्येक प्रयत्न होत. आज त्या वयाची मुले शिकवणीला गेलेली असतात आणि धाकटी मुले फक्त समवयस्कांमध्ये असतात. एकालाही नीट फेकता येत नसेल तर एकमेकांचे पाहून ती शिकणार काय? बालवाडीच्या शिक्षिकेने नेमके त्या मोठ्या मुलाचे काम करायचे आहे. रांगेबद्दल आपण जे लिहिले ते मात्र शब्दशः खरे आहे, आणि तिथूनच सुरुवात करतो.

एका चेंडूवर वीस मुलांची रांग लावली तर दहा मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते. उरलेला वेळ ते उभे राहायला शिकते. म्हणून पहिला नियम असा, की साहित्य मुलागणिक एक हवे, आणि ते महाग असण्याचे काहीच कारण नाही. जाड कापडाच्या तळहाताएवढ्या पिशव्यांत चिंचोके भरून दुहेरी शिवण घालावी. त्या गडगडत दूर जात नाहीत, अंगाला लागल्या तरी दुखत नाही, आणि लहान बोटांना पकडायला सोप्या पडतात. शिवण उसवलेली पिशवी लगेच बाजूला काढावी, कारण या वयात चिंचोका नाका-तोंडात जाऊ शकतो. जुन्या मोज्यांचे चेंडू, सुंभाचे तुकडे, खडूने आखलेल्या रेघा आणि पातळ ओढणीचे चौकोनी तुकडे, एवढ्यावर वर्ष निघते.

आता फेकीचे. लहान मूल समोर तोंड करून, पाय न हलवता, कोपरातून हात झटकते. त्याला आडवे उभे करून खांदा भिंतीकडे करायला शिकवावे. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावा पाय पुढे टाकायचा, आणि फेकल्यावर हात अंगावरून पलीकडच्या बाजूला जाऊ द्यायचा. हे शब्दांत समजावून उपयोग नाही. जमिनीवर खडूने पावले काढावीत आणि 'आडवा, पाय, फेक' एवढेच तीन शब्द दर वेळी म्हणावेत. डावखुऱ्या मुलांसाठी पावले उलटी काढायला विसरू नये. गोव्यातल्या घरांत अजूनही डावा हात सोडवण्याचा प्रयत्न होतो आणि ती मुले आधीच गोंधळलेली असतात. सुरुवातीला नेम धरायला लावू नये. छोटे लक्ष्य दिले की मूल जपून, हळूच टाकते, आणि मग अंग वळतच नाही. मोठी भिंत द्यावी आणि 'जोरात, आवाज आला पाहिजे' असे सांगावे. नेम नंतर येतो.

झेलण्याचा क्रम याच्या उलट, म्हणजे हळूकडून वेगाकडे. तोंड फिरवणे आणि डोळे मिटणे ही भीतीची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. ओरडून ती जात नाही. आधी ओढणीचा तुकडा वर उडवून पकडणे, कारण तो सावकाश खाली येतो आणि नजर त्यावर टिकते. मग मोठा मऊ चेंडू जमिनीवरून घरंगळत, त्यानंतर एक टप्पा देऊन, शेवटी हवेतून. सुरुवातीला मूल दोन्ही हातांनी चेंडू छातीशी कवटाळते, तेही झेलणेच समजावे. मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलता येणे ही साधारण चौथ्या वर्षाची अपेक्षा आहे. छोटा चेंडू नुसत्या हातांच्या पकडीत येणे त्यानंतरचे.

लंगडीसाठी घाई करू नये. आधी दोन पायांनी उडी मारून गुडघे वाकवून उतरणे, मग भिंतीला बोट लावून एका पायावर उभे राहणे, मग तशीच एक उडी. पाचव्या वर्षी एका पायावर उड्या याव्यात ही अपेक्षा रास्त आहे. लंगडीच्या आधी मुलांना एक पाय कायम पुढे ठेवून घोड्यासारखे धावणे जमते, आणि इथे सत्तरी-डिचोलीच्या मुलांना काही वेगळे शिकवावे लागत नाही. शिगम्यात घोडेमोडणी, म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला नाच, पाहिलेले प्रत्येक मूल नंतर महिनाभर घोडाच झालेले असते. कमरेला जुनी चादर बांधा, ढोलाऐवजी डब्यावर ठेका धरा, आणि थोड्या वेळाने पुढचा पाय बदलायला सांगा. एका बाजूने येणारी चाल दुसऱ्या बाजूने आली की तोल किती सुधारला हे स्वतःलाच दिसते. आलटून पालटून पाय टाकत ठुमकत उड्या घेत जाणे मात्र याहून अवघड असते; ते पहिलीपर्यंत आले नाही तरी चिंता नको.

पावसाळ्यात व्हरांडा पुरतो. गुळगुळीत सिमेंट किंवा लादी दमट हवेत निसरडी होते, म्हणून मोजे काढून अनवाणी खेळावे. भिंतीवर फेक, रेघेवरून चालणे, बाकाखालून सरपटणे, सुंभावरून इकडून तिकडे उड्या, खेकड्यासारखे हात मागे टेकून चालणे, असे चार-पाच थांबे करावेत आणि मुलांना हव्या त्या थांब्यावर जाऊ द्यावे. प्रत्येक थांब्यावर एक सोपी आणि एक अवघड जागा ठेवली, म्हणजे भिंतीपासून जवळची रेघ आणि लांबची रेघ, की साडेतीन वर्षांचे मूल आणि साडेपाच वर्षांचे मूल एकाच वेळी शिकू शकते.

जे खेळ मी बालवाडीत अजिबात घेऊ देत नाही ते म्हणजे बाद करण्याचे. संगीत खुर्चीत सर्वांत आधी बाहेर बसते ते मूल ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज असते, आणि स्नेहसंमेलनाला पालकांच्या टाळ्या मिळतात म्हणून आपण हा खेळ अजून चालवतो. शिवाशिवी खेळायची तर पकडलेल्या मुलाने दोन उड्या मारून पुन्हा खेळात यावे.

मुलींकडे जरा अधिक लक्ष द्यावे लागते. चेंडूच्या कौशल्यांत मुली मागे दिसतात हे जगभर पुन्हा पुन्हा आढळले आहे, आणि आपल्याकडे त्याचे मोठे कारण संधी हे आहे. मुलग्याला दुसऱ्या वर्षी चेंडू आणि बॅट मिळते, मुलीला भातुकली. फुगडी घालणारी मुलगी तोल आणि गिरक्या यांत मुलग्यांना हरवते. तिच्या हातात पिशवी दिली की काही आठवड्यांत तीही भिंत दणाणून सोडते.

बालवाडी-ताई, डिचोली

सर्वांचे मनापासून आभार. चिंचोक्यांच्या पिशव्या शिवण्याचे काम दोन आयांनी अंगावर घेतले आहे. आणखी दोन गोष्टी विचारते. वर्गात एक मुलगा जवळजवळ पाच वर्षांचा आहे. तो बसलेला उठताना नेहमी मांड्यांवर हात टेकून उठतो, पायऱ्या टाळतो आणि लवकर थकतो. घरचे म्हणतात, 'आळशी आहे, त्याचे बाबाही असेच होते.' त्याला अधिक सराव द्यावा का? आणि अक्षरे गिरवण्याचा आग्रह धरणाऱ्या पालकांना काय सांगावे?

बालफिजिओ, मडगाव

ताई, या मुलाला अधिक सराव देण्याआधी त्याची तपासणी होणे आवश्यक आहे, आणि ती पुढच्या महिन्यावर ढकलू नये. जमिनीवरून उठताना आधी हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर सरकवत उठणे हे कमरेच्या आणि मांडीच्या स्नायूंतील अशक्तपणाचे लक्षण असू शकते. मुलग्यांमध्ये स्नायूंचे काही आनुवंशिक आजार याच वयात असे प्रथम लक्षात येतात. पोटऱ्या प्रमाणापेक्षा भरीव दिसणे, वारंवार पडणे, पायऱ्या चढताना कठडा ओढणे ही त्याच्याबरोबरची लक्षणे. तसा आजार असेलच असे मी म्हणत नाही. परंतु तसा असल्यास दमवणारा सराव, विशेषतः पायऱ्या उतरवणे आणि उड्या, अपायकारक ठरू शकतो. बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, ते रक्तातील एका विकराची (एन्झाइमची) साधी चाचणी सांगतील आणि तिच्यावरून पुढची दिशा कळते. पालकांशी बोलताना आजाराचे नाव घेऊ नये. 'उठताना त्याला त्रास होतो असे दिसते, डॉक्टरांना दाखवून घेऊ या,' एवढे पुरे. शक्य असल्यास तो उठतानाची छोटी चित्रफीत आई-वडिलांनीच काढून डॉक्टरांना दाखवावी. दवाखान्यात मूल कधी कधी उठतच नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, जो २०१३ साली सुरू झाला, फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणीसाठी येतात. जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गोष्टी ती पाहतात. आपली बालवाडी त्या यादीत आहे का हे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. नसेल तरी त्या मुलाला तेथूनच पुढे पाठवता येते.

इतर मुलांमध्ये लक्ष ठेवण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. शरीराची एकच बाजू वापरणे, सतत टाचा न टेकता चालणे, अडीच वर्षांनंतरही दोन्ही पाय उचलून उडी न येणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधी येणारी गोष्ट येईनाशी होणे. नुसते धांदरट असणे या वयात आजार नाही. हालचालींच्या समन्वयाचा विकार म्हणून ज्याचे निदान होते ते साधारणपणे पाच वर्षांच्या आधी करत नाहीत, कारण तोवर मुलामुलांतील फरक फार मोठा असतो आणि पुष्कळांना फक्त संधी मिळालेली नसते. सरांनी सांगितल्याप्रमाणे दोन-तीन महिने नीट शिकवल्यावरही जे मूल जागचे हलत नाही, त्याचा विचार करावा.

याशिवाय दोन साध्या शक्यता शिक्षकांच्या नजरेतून सुटतात. चेंडू झेलता न येणाऱ्या मुलाला कधी कधी चेंडू नीट दिसतच नसतो, तेव्हा डोळे तपासून घ्यावेत. आणि लवकर थकणाऱ्या मुलाचे हिमोग्लोबिन पाहावे. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५ वर्षांखालील ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. सुखवस्तू घरांतही तो असतो.

अक्षरांबद्दल पालकांना प्रात्यक्षिक दाखवणे उत्तम. ज्या मुलाचा खांदा आणि धड स्थिर राहत नाही ते लिहिताना बाकावर ओणवे होते, डोके हातावर टेकते आणि पेन्सिल मुठीत घट्ट धरते. बाकाखालून सरपटणे, खेकड्याची चाल, आजोबांनी सांगितलेली विरी ओढणे, यांतून खांदे आणि पाठ बळकट होतात. अक्षर यामुळे सुंदर होईल असे सांगू नका. मूल बाकावर अधिक वेळ ताठ बसू शकेल, एवढेच सांगावे. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यावर आधारित २०२२चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी खेळावर आधारित शिक्षणच सांगतो, हे व्यवस्थापनाच्या बैठकीत निदर्शनास आणावे.

शारीरिक शिक्षक, सत्तरी

संस्थेच्या प्रस्तावाबद्दल एवढेच लिहितो. नकार देण्याआधी त्यांना चार प्रश्न विचारा. एका वेळी किती मुले हलत असतील आणि किती वाट पाहत असतील? आठवड्यातल्या उरलेल्या दिवसांसाठी ते ताईंना काय शिकवून जाणार? वर्गशिक्षिका त्या वेळी सोबत असेल, की तो तास कार्यालयीन कामासाठी मोकळा धरला जाईल? आणि अहवाल कशाच्या आधारावर देणार? स्थूल कारक कौशल्यांची जी चाचणी संशोधनात सर्रास वापरतात ती डेल उलरिक यांनी १९८५ मध्ये तयार केली. तिची नवी आवृत्ती १३ कौशल्ये तपासते, आणि मूल चेंडू किती लांब फेकते यापेक्षा ते कसे फेकते हे पाहते. गुण देणाऱ्याला त्यासाठी सराव लागतो, आणि तिची तुलनेची प्रमाणके अमेरिकेतील मुलांवरून ठरवलेली आहेत. त्यामुळे 'आपला मुलगा बहात्तर टक्के' अशी चकचकीत पत्रिका पालकांच्या हाती देणे मला योग्य वाटत नाही. संस्था जर ताईंनाच तयार करून द्यायला राजी असेल, तर थोड्या काळासाठी तिची मदत जरूर घ्यावी.

नोंद आपली आपणच ठेवता येते. जूनच्या अखेरीस एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान घ्यावे. फेकताना विरुद्ध पाय पुढे येतो का, झेलताना डोळे उघडे राहतात का, उडीनंतर गुडघे वाकतात का, प्रत्येक पायावर किती उड्या होतात, पायऱ्या उतरताना पाय आळीपाळीने पडतात का, एवढे दोन ओळींत लिहिले तरी चालेल. इतर मुलांशी तुलना नको, त्याच्याच जूनच्या नोंदीशी करावी. पहिलीला जाताना ती वही तिथल्या शिक्षिकेच्या हातात द्यावी, कारण पहिलीत गेल्यावर खेळाचा तास सर्वांत आधी कापला जातो, आणि कोणत्या मुलाला तो सर्वांत जास्त लागतो हे त्यांना तिथून कळेल.